गिरणीची किंमत

“भागे, ती वही ठेव आधी खाली आणि डबे ओळीनं लाव!” अप्पा गिरणीच्या घरघराटावरून ओरडले.

“लावते! पण आधी सांगा, कमळाक्कांचा डबा किती किलोचा?”

“साडेपाच.”

“पाच!” कमळाक्का पायरीवरून कडाडल्या. “आणि सिद्धा, माझे गहू बाजरीवर टाकलेस तर बघ. मागच्या खेपेला चपात्या काळ्या झाल्या, सून मला बोलली.”

मी वहीत सव्वापाच लिहिलं. दोघांनीही माझ्याकडं रागानं बघितलं, म्हणजे आकडा बरोबर होता.

दिवाळी बारा दिवसांवर आली होती. भाजणीचे डबे, बेसनाच्या डाळी, अनारशाचे तांदूळ, सगळ्या मंगळवेढ्यानं आमच्याच दारात रांग लावल्यासारखं वाटत होतं. मी तेव्हा नववीत. भाग्यवंती सिद्धेश्वर म्हमाणे. आज या नावाला कुणी हसलं तर मी त्याला ते तीनदा मोठ्यानं म्हणायला लावते आणि चौथ्यांदा पाठांतर घेते. पण ही हिंमत आत्ताची, अकरावीतली. तेव्हाची मी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं बसून एकटी डबा खायचे, कारण माझ्या दप्तराला, वेणीला, रिबिनीलासुद्धा पिठाचा वास यायचा आणि मी वर्गात शिरले की शेवटच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, “भाकरी आली.”

आई मी पहिलीत असताना गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. अप्पा दिवसभर गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायचे, त्यामुळं संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांचा घसा बसलेला असायचा. मग आम्ही खुणेनं बोलायचो. अजून एक भाकरी, बास, दिवा मालव, झोप. इतक्या खुणा होत्या आमच्या की एखाद्याला वाटावं या घरात मुकी माणसं राहतात.

त्या आठवड्यात मात्र अप्पांनी बसलेल्या घशानं मला एका दमात सगळं सांगितलं. शेजारच्या किराणा दुकानाचे नागनाथ शेठ आमची गिरणी मागत होते. जागा भाड्याची, पण यंत्र आणि चालू धंदा मिळून तीन लाख दहा हजार द्यायला तयार होते. अप्पांच्या मावसभावानं चाकणच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. तिथं एका खोलीत सहा पुरुष राहायचे. मी सांगोल्याला आत्याकडं.

“अजून काही ठरलं नाही,” अप्पा शेवटी म्हणाले आणि भाकरीचा पदर सोलत बसले.

मोठी माणसं ठरलं की असंच म्हणतात. पण तीन लाख दहा हजार हा आकडा माझ्या डोक्यात बसला. गिरणी जर त्याहून जास्त किमतीची निघाली तर अप्पा ती कशाला विकतील? आणि विकली नाही तर जातील कुठं? म्हणून ती वही. रोज किती डबे, किती किलो, किती रुपये, खर्च किती. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत मी पायरीवर बसून लिहायचे.

“काय लिहून राहिली गं?”

पल्लवी मॅडम होत्या. दवाखान्याच्या वरच्या खोलीत राहायच्या, बँकेत कर्जाचं काम बघायच्या, मूळच्या नागपूरच्या. आठवड्याला बरोबर दोन किलो गहू आणायच्या. एकट्या बाईचे दोन किलो.

“गिरणीची किंमत काढतीये.”

“किती आली?”

“सत्तावीस लाख.”

त्या हसल्या नाहीत. नाहीतर मी वही तिथंच फाडली असती. त्या सरळ गव्हाच्या पोत्यावर टेकल्या, बँकेची चांगली साडी नेसून, आणि म्हणाल्या, “दाखव.”

मी दाखवलं. दिवसाचे खर्च जाऊन उरतात नऊशे. महिन्याचे पंचवीस दिवस. वर्षाचे बारा महिने. गिरणी अजून दहा वर्षं तरी चालेल. सगळ्याचा गुणाकार.

“हे नऊशे कोणत्या दिवसातले?”

“या आठवड्यातले.”

“दिवाळीच्या आधीचे. आणि पावसाळ्यात चकल्या करते का गं तुझं गाव?”

माझे कान गरम झाले. मॅडम उठल्या, पदराचं पीठ झटकलं. “घरी लाईट बिलं असतील ना? दोन वर्षांची घेऊन ये माझ्याकडं. माणूस खोटं बोलते, वही खोटं बोलते, मीटर नाही बोलत.”

मॅडमच्या खोलीत एक खाट, एक लॅपटॉप, एक कुकर आणि एकच ताट होतं. मी बिलं वाचायची, मॅडम टाईप करायच्या. कुठल्या महिन्यात किती युनिट जळले यावरून किती धान्य दळलं ते निघालं. दिवाळीचा महिना डोंगरासारखा उभा आणि बाकीचे अकरा नुसतं माळरान. सरासरी काढली तर दिवसाला गल्ला सहाशे चाळीस. त्यातून लाईट एकशे साठ, जागेचं भाडं साठ, झिजलेल्या दगडाला टाकी लावायची मजुरी, पट्टा, तेल मिळून वीस. उरले चारशे. वर्षाचे एक लाख वीस हजार.

“म्हणजे दहा वर्षांचे बारा लाख!” मी म्हटलं. सत्तावीसवरून बारावर आले होते, तरी बारा म्हणजे तीनच्या चौपट.

“थांब. तुमचे डबे वाढून राहिले की कमी होऊन राहिले?”

मला आठवलं. कुलकर्णी काकूंनी घरघंटी घेतली. बँक कॉलनीत सगळे पिशवीतलं पीठ आणतात. “कमी,” मी म्हटलं.

“दर वर्षी पाच टक्के कमी धरू. आता मला सांग, दहा वर्षांनी मी तुला शंभर रुपये देईन म्हटलं, तर त्याबद्दल आज तू मला किती देशील?”

“काहीच नाही. दहा वर्षांनी तुम्ही इथं कुठं असणार? तुमची बदली होईल.”

मॅडमनी लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, “बरोबर बोलली. तेच शिकवून राहिले मी तुला. उद्याचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसते. एक तर वाट बघावी लागते. दुसरं म्हणजे तो येईलच याचा भरवसा नसते. जितकी वाट लांब आणि जितका भरवसा कमी, तितकी काटछाट जास्त.”

आमच्या गिरणीसाठी त्यांनी काटछाट धरली वर्षाला चौदा टक्के. पुढच्या वर्षीचे शंभर म्हणजे आजचे सत्त्याऐंशी रुपये बहात्तर पैसे. दहा वर्षांनंतरचे शंभर म्हणजे आजचे सत्तावीससुद्धा नाहीत. मी ते कोष्टक बघत राहिले. दहा रकाने, उजवीकडं जाईल तसा आकडा झिजत गेलेला, जशी वापरून वापरून पेन्सिल. सगळ्या झिजलेल्या आकड्यांची बेरीज खाली आली.

पाच लाख एकोणतीस हजार पाचशे चौऱ्याहत्तर.

“शेठच्या आकड्यापेक्षा जास्त आहे!” मी खाटेवरून उडीच मारली. त्या घरात उडी मारायला जागा नव्हती, माझं डोकं फळीला आपटलं, कुकर पडला.

मॅडम कुकर उचलत म्हणाल्या, “भाग्या, सगळे खर्च धरले ना?”

“सगळे.”

“गिरणी चालायला जे जे लागते ते सगळं?”

“तेलाची कुपीसुद्धा धरलीये, मॅडम!”

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि खिचडीत मीठ टाकलं. मला आग्रह करून बसवून घेतलं. मी ताटात जेवले आणि त्या कुकरच्या झाकणात.

अप्पांना आकडा सांगितला तेव्हा ते यंत्राभोवती एक फेरी मारून आले, जणू नवीनच कुणी दारात उभं केलंय. “पाच लाख? हिचे?” त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला. “मग शेठ तीनच का म्हणतोय?”

“कारण त्यांनी गणित केलेलं नाही.”

“लई हुशार हायस.” अप्पा हसले. पण पुढं म्हणाले, “दिवाळी झाल्यावर चाकणला बोलावलंय, ते बघून तर येतो. बघायला काय पैसे पडत नाहीत.”

दिवाळी झाली. पाडव्यानंतर अप्पा दोन दिवसांसाठी गेले. गिरणी बंद ठेवून चालणार नव्हतं, गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं गेलं की तिकडचंच होतं. म्हणून त्यांनी म्हाळाप्पामामांना सांगितलं. हे पन्नाशीचे, तिरक्या टोपीचे गृहस्थ पूर्वी दुसऱ्या गिरणीत होते. रात्री सोबतीला कमळाक्का येऊन झोपायच्या आणि घोरायच्या.

पहिल्या संध्याकाळी शाळेतून आले तर म्हाळाप्पामामा पायरीवर बसून अंगावरचं पीठ फडक्यानं झाडत होते. “मोज गं पोरी,” ते म्हणाले. गल्ला मोजला. बरोबर सहाशे चाळीस. मीटरनं, वहीनं आणि गल्ल्यानं मिळून माझी पाठ थोपटल्यासारखं झालं.

“आणा माझे साडेचारशे.”

“साडेचारशे कसले?”

“हजेरी. का फुकटात दिवसभर नाकातोंडात पीठ घेऊ? तुझ्या बापाशी बोलणं झालंय.”

मी दिले. राहिले एकशे नव्वद. लाईटचे एकशे साठ बाजूला काढले. राहिले तीस. भाड्याचे साठ कुठनं काढू? आणि दगडाचे, पट्ट्याचे वीस? मी खाऊच्या डब्यातून पन्नास रुपये काढून गल्ल्यात टाकले. दुसऱ्या दिवशी तसंच. पुन्हा पन्नास टाकले आणि गल्ल्यासमोर बसून राहिले. बाहेर शेठच्या दुकानात कुणीतरी शेंगदाण्याचा भाव विचारत होतं.

म्हाळाप्पामामांनी दोन दिवस जे केलं तेच अप्पा रोज करत होते. पोतं उचलायचे, दळायचे, दगड उघडायचे, ओरडायचे. त्यांना कुणीच साडेचारशे देत नव्हतं. आणि मी तेलाची कुपी धरली होती.

मी धावत मॅडमच्या खोलीवर गेले. त्या फोनवर आईशी बोलत होत्या, हातानंच लॅपटॉप घे म्हणाल्या. मी कोष्टकात एक ओळ वाढवली. मालकाचा पगार. साडेचारशे गुणिले पंचवीस. खालची बेरीज लाल झाली आणि तिच्या आधी उण्याची आडवी रेघ आली.

मॅडम मागं येऊन उभ्या होत्या.

“सापडलं तुला.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“रोजचं काम आहे ते माझं. सगळ्या छोट्या दुकानदारांचं हेच असते. घरातलं माणूस राबते, त्याचा पगार कुणी धरत नाही, मग म्हणतात नफा झाला.”

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तू इतकी खूश होती.” त्या खाटेच्या कडेला बसल्या. “माझ्या खोलीत कुणी उडी मारलेली मी किती दिवसांनी बघितली. चुकलंच माझं. अप्पांना सांग आता.”

सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला एका क्षणात दिसलं. गिरणीतून अप्पा वजा केले तर खाली काही उरत नव्हतं. ज्या वस्तूची किंमत शून्याच्याही खाली, तिचे कुणी तीन लाख दहा हजार देत असेल तर अप्पा चपला न घालता धावत गेले असते.

मी ती ओळ पुसली. बेरीज पुन्हा काळी झाली. पाच लाख एकोणतीस हजार पाचशे चौऱ्याहत्तर.

“उद्या बँकेतून हाच कागद छापून आणाल?”

मॅडमनी लॅपटॉप मिटला. “कागद बँकेचा नाही, तुझ्या घरचा आहे. मी आणीन. पण अप्पांना सांगशील ना?”

“सांगते म्हटलं ना!”

अप्पा तिसऱ्या दिवशी सकाळी आले. पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाले, “भागे, रविवारी सुट्टी असती तिथं!”

“मग?”

“सुट्टी गं! पगारी! काम न करता पैसे!” ते चहाचं पातेलं ठेवायला गेले आणि परत आले. “आणि खुर्ची हाय. चाकं असलेली, गोल फिरती. साहेब बाहेर गेलता, मी एक चक्कर मारून घेतली. कुणी बघितलं नाही. पगार चौदा हजार. म्हातारपणाचा फंड वेगळा कापत्यात, तेवढेच कंपनी घालती. तुझी बारावी होईपर्यंत...”

पुढचं मी नीट ऐकलंच नाही. मी आवाज ऐकत होते. अप्पांचा घसा बसलेला नव्हता. दोन दिवस त्यांना यंत्राच्या आवाजावरून ओरडावं लागलं नव्हतं, आणि त्यांचा आवाज चांगला भरदार, गोड होता. माझ्या बापाचा खरा आवाज असा आहे हे मला चौदाव्या वर्षी कळलं.

“पण तुझे पाच लाख म्हणत असतील तर राहतो की,” अप्पा म्हणाले. “मोडीच्या भावात कशाला द्यायची?”

संध्याकाळी मॅडमनी छापून आणलेला कागद मी त्यांच्या हातात ठेवला. बाकी काही बोलले नाही.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नागनाथ शेठ आले. पांढरे कपडे, हातात तंबाखूची डबी. गिरणी बंद होती, मंगळवार होता, आमच्या भागात लाईट नसायची. त्या खोलीत सगळ्यांना हळू बोलता येत होतं.

“काय मग सिद्धा? तीन दहा. इसार आणलाय.”

“शेठ, आमच्या पोरीनं हिशेब काढलाय. भागे, वाच.”

मी उभी राहिले. वर्गात कधी वाचायची वेळ आली की मी पुस्तकाआड तोंड लपवायचे, त्या दिवशी कागद खाली धरला. मी पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत वाचलं.

“हे पाच टक्के कमी कशाबद्दल केलेस?”

“घरघंटीबद्दल. आणि पिशवीतल्या पिठाबद्दल. ते तुम्हीच विकता.”

शेठ खो खो हसले. “आणि हे चौदा टक्के?”

“पुढचे पैसे मिळतील न मिळतील, म्हणून.”

“कुणी शिकवलं गं तुला? माझ्या पोराला बी. कॉम. करून कळलं नाही हे.” त्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि खर्चाच्या ओळींवरून बोट फिरवायला लागले. लाईट. भाडं. दगड. पट्टा. तेल. बोट तेलावर थांबलं. तो माणूस व्यापारी होता, त्याला पुढं काय नाही ते दिसायलाच हवं होतं.

बोट उचललं गेलं.

“मला मसाल्याचं कांडप टाकायचंय इथं,” शेठ म्हणाले. “तुझी पोर म्हणती तेवढी नाही, पण किंमत हाय जागेला. साडेचार देतो. चार लाख पन्नास. आज.”

हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. आकडा मोठा दिसला की अप्पा नको म्हणतील, शेठ निघून जातील, एवढंच मी धरलं होतं. आकडा मोठा दिसला की माणूस पैसे वाढवतो, हे धरलंच नव्हतं.

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग शेठकडं. त्यांचा हात पुढं व्हायला लागला.

एकच वाक्य बोलायचं होतं. शेठ, यात अप्पांचा पगार धरलेला नाही. शेठचा हात तिथल्या तिथं मागं गेला असता. साडेचार काय, तीन दहासुद्धा राहिले नसते. अप्पा रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, पण इथंच राहिले असते. वाक्य माझ्या जिभेवर होतं, त्याची चव मला अजून आठवते.

अप्पांचा हात हवेत होता. कोपरापर्यंत पांढरा. गिरणी बंद असली तरी ते पीठ जात नसे, भेगांत बसलेलं असे. गिरणीच्या एकोणीस वर्षांत त्या हाताला कुणी रविवार दिला नव्हता.

“काय गं?” शेठ म्हणाले. “काही बोलायचंय?”

“हो,” मी म्हटलं. “चार ऐंशी.”

“आँ?”

“साडेचार नाही. चार लाख ऐंशी.”

“अगं, तू याची पोर का माझी वैरीण?”

“दोन्ही.”

शेठनी तंबाखू मळली, थुंकायला बाहेर गेले, आत आले. “चार पंच्याहत्तर. आता ही पोर एक शब्द बोलली तर मी चाललो.”

मी बोलले नाही. अप्पांनी शेठचा हात धरला. मग शेठ गेल्यावर त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला, नववीतल्या मुलीला! “एक लाख पासष्ट हजार!” ते म्हणत होते. “एका कागदावर! भागे, तू कोण हायस गं?” मी हसत होते. खूप हसत होते. संध्याकाळी पल्लवी मॅडमच्या खोलीखालून गेले तेव्हा त्यांनी वरून विचारलं, “सांगितलं का गं?” मी हात हलवला आणि चालत राहिले. त्यांना तो हात हो वाटला असावा.

डिसेंबर लागायच्या आत अप्पा मला सांगोल्याला घेऊन आले. आत्याच्या घरी सात माणसं, माझी पेटी जिन्याखाली गेली. दुपारच्या पुण्याच्या गाडीनं ते पुढं निघणार होते. स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. अप्पांनी नवीन शर्ट घातला होता, कॉलरच्या आतली पट्टी काढायची राहिली होती, ती मी काढली.

“एक सांगू?” अप्पा म्हणाले. “कुणाला सांगू नकोस.”

“बोला की.”

“तुझ्या त्या कागदात एक गोष्ट राहिलती.”

मी पट्टीची घडी घातली. “कुठली?”

“माझी हजेरी. म्हाळाप्पाला देऊन बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं. ती धरली तर काय राहतच नाही गिरणीत.” ते इकडंतिकडं बघून अगदी कमी आवाजात बोलत होते. “शेठचं बोट कागदावर फिरत होतं ना, तवा माझा जीव गळ्यात आलता. म्हटलं आता विचारतोय. विचारलं नाही. आन् मीबी बोललो नाही. एवढ्या वर्षांचा शेजार, फसवलंच की गं मी त्याला.”

एक गाडी लागली, कंडक्टर अकलूजचं नाव घेत ओरडत गेला.

“तुझा दोष नाही,” अप्पा घाईनं म्हणाले. “तू लेकरू. बापाचा पगार धरायचा असतो हे तुला कुठनं कळणार? पण तुला खरंच ध्यानात आलं नव्हतं ना?”

ते माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं असतं, मला माहीत होतं, तुमच्या आधी माहीत होतं, तर आम्ही दोघं त्या बाकावर एकाच बाजूला बसलो असतो. पण मग त्यांनी विचारलं असतं, की माहीत होतं तर पहिल्यांदा का लपवलंस? आणि ते का, हे कळल्यावर ते त्या गाडीत चढले नसते.

“नाही अप्पा,” मी म्हटलं. “विसरलेच.”

“तेच की,” ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे खाली आले.

पुण्याची गाडी लागली. अप्पा चढले, खिडकीची जागा मिळाली. काच वर जात नव्हती, त्यांनी दोन्ही हातांनी ढकलून चार बोटांची फट केली. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. मी खाली उभी होते.

“कसला विचार करतीस?” त्यांनी फटीतून विचारलं.

“काही नाही. तुम्ही?”

“मीबी काही नाही,” अप्पा म्हणाले.